आमच्या पोरांचं एक पान तरी कोणी वाचलंय का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरची करिअर पुरवणी मी दर आठवड्याला घेतो. वाचतो कमी आणि कापून कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावतो जास्त. वर्षभरात त्यात नीट झालं, जेईई झालं, पोलीस भरती झाली, एमपीएससी तर बारमाही पीक आहे, मधी एकदा ड्रोन उडवायच्या कोर्सवर अख्खं पान आलं. पण बीएला इंग्लिश लिटरेचर घेतलेल्या पोरानं पुढं एमएला नाहीतर पीएचडीला बाहेर कुठं अर्ज करायचा, कसा करायचा, यावर एक चौकटसुद्धा आलेली मला आठवत नाही. लातूर पॅटर्नच्या मुलखात बीए इंग्लिशला कोण पुसतं म्हणा! तरी म्हणलं लिहून बघावं, कारण आज रात्री मला तसंही जागंच राहायचंय, का ते पुढं येईल.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात इंग्रजी शिकवतो, तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही, घरटी नाही तरी गल्लीत एक सीएचबीवाला, तासावर पैसे घेणारा मास्तर, असतोच. आमच्याकडं ऑप्शनल इंग्लिश घेणारी पोरं दोन प्रकारची, एक ज्यांचा नंबर दुसरीकडं कुठं लागला नाही ती, आणि वर्गात दोन-तीनच असतात पण असतात, ज्यांना खरंच वाचायचंय ती. हे पत्र त्या दोन-तीन जणांपुरतं आहे.

यांना पहिल्यांदा तर कुठं जाता येतं हेच माहिती नसतं. तसं बघितलं तर बाहेर शिकायला जाणं आपल्याला नवीन नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, औरंगाबादचं जुनं कॉलेज उस्मानियाला जोडलेलं, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झालं तोपर्यंत पुढचं शिकायचं म्हणजे तोंड हैदराबादकडंच. आणि गंमत बघा, त्याच १९५८ साली हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश निघालं, तेच आज इफ्लू (इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी) नावाचं केंद्रीय विद्यापीठ आहे, आणि १९७४ ला हैदराबाद विद्यापीठ झालं. इंग्रजी साहित्यासाठी देशात नाव असलेल्या या दोन जागा, परभणीहून मध्यरात्री अजिंठा एक्सप्रेस पकडली की सकाळी तिथं. दिल्लीला जायचं तर नांदेडची सचखंड आहेच. मी एकदा टीवायच्या (बीएच्या शेवटच्या वर्षाच्या) वर्गात विचारलं, इफ्लू म्हणजे काय, तर मागच्या बाकावरून एकजण म्हणला, "सर, ते डुकरापासून होतंय तेच ना?" हसलो सगळेच, मी पण हसलो, पण त्याची काय चूक, त्याला सांगितलं कोणी होतं?

आता सीयूईटी-पीजी. २०२२ ला सुरू झालेली ही एकच परीक्षा आता जेएनयू, दिल्ली, हैदराबाद विद्यापीठ अशा बऱ्याच ठिकाणच्या एमएला चालते, एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) घेते, फॉर्म साधारण हिवाळ्यात निघतो आणि परीक्षा मार्चच्या आसपास, टीवायला असतानाच भरता येतो. ७५ प्रश्न, बरोबरला ४ मार्क आणि चुकलं की १ कट. आपल्या पोरांना "काहीतरी लिहून ये, कोरा सोडू नको" ही सवय, ती इथं अंगाशी येते, पण ते एका मॉक टेस्टमधी सुटतं. सगळा घोळ त्याच्या नंतर आहे. परीक्षा झाली, स्कोअर आला, पोरगं घरी बसून लेटरची वाट बघतंय! अरे बाबा, सीयूईटीचा फॉर्म म्हणजे ॲडमिशनचा फॉर्म नाही, स्कोअरनंतर त्या त्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं, प्रत्येकाची तारीख वेगळी, फी वेगळी, आणि घरी कोणी पत्र पाठवत नाही. दहावी-बारावीनंतर आपल्याकडं कॉलेजच दारात येतं ना, पोर्टर होऊन बॅग उचलतं, त्यामुळं हे डोक्यातच येत नाही. माझ्याच एका विद्यार्थिनीचं २०२२ ला याच्यापायी एक वर्ष गेलं. चांगले मार्क होते. नंतर एकदा कॉलेजला आली आणि म्हणली, "सर, अजून हैदराबादचं काहीच येईना, मी वाट बघायलेय." मी काय सांगणार, मला तरी कुठं माहीत होतं. तिच्यासमोरच मोबाइलवर बघितलं तर तारीख जाऊन लई दिवस झाले होते.

दुसरा घोळ जातीच्या रकान्याचा. यावर तुम्ही एक चौकट छापली तर पुण्य लागेल. आपल्याकडं धनगर, वंजारी, बंजारा हे राज्यात एनटी-व्हीजेएनटीत (भटक्या-विमुक्तांत) येतात, सर्टिफिकेटवर तेच लिहिलेलं. केंद्राच्या फॉर्मवर ड्रॉपडाउन उघडलं की त्यात जनरल, ईडब्ल्यूएस, ओबीसी, एससी, एसटी, एवढंच. एनटी नाहीच. मग पोरगं म्हणा किंवा सेवा केंद्रातला माणूस म्हणा, सरळ जनरल दाबून मोकळा होतो. केंद्राच्या यादीत महाराष्ट्रातल्या या तिन्ही जाती ओबीसीत आहेत! पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि नॉन-क्रिमीलेयर चालू वर्षाचं लागतं, राज्याचं तीन वर्षाचं तिकडं चालत नाही. तहसीलमधून ते काढायला जे काय दिवस लागतात ते धरूनच चालायचं, रिझल्टनंतर पळापळ केली तर हाती काही लागत नाही. मराठा पोरांचं पण तेच, इथलं राज्याचं एसईबीसी आरक्षण तिकडं नाही, ईडब्ल्यूएसमधी बसत असेल तर ते वेगळं काढा. राजकारण राहू द्या बाजूला, मी फॉर्मबद्दल बोलतोय.

आता माझ्या पोटातली गोष्ट सांगतो.

त्या पोरीचं वर्ष गेलं तेव्हा तिनं मधल्या काळात एका खाजगी विद्यापीठाच्या एमएला अर्ज केला, फी झेपणार नव्हती पण स्कॉलरशिप होती. त्याला दोन शिफारसपत्रं आणि तिनं स्वतः लिहिलेला दहा पानी निबंध लागत होता. पत्रासाठी माझ्याकडं आली. मी काय केलं, सगळे करतात तेच. म्हणलं तूच टाईप करून आण, मी सही करतो. तिनं नेटवरून घेतलेलं आणलं, हार्डवर्किंग, सिन्सियर, पंक्चुअल, ओबिडियन्ट, गुड मॉरल कॅरेक्टर. मी सही ठोकली, वर कॉलेजचा शिक्का. तिला इंटरव्ह्यूलासुद्धा बोलावलं नाही. पुढं कधीतरी नेट-सेटच्या (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांच्या) शिबिरात भेटलेल्या एका प्राध्यापकाशी चहावर बोलताना हा विषय निघाला, तो अशा कमिटीवर बसलेला माणूस, तो म्हणला, सर, आज्ञाधारक विद्यार्थी आम्हाला पोत्यानं येतात, तिनं काय वाचलं आणि त्याच्याबद्दल काय वेगळं म्हणली ते सांगणारं पत्र शंभरात चार येतात.

त्या रात्री मला झोप लागली नाही हे काही मी फार संवेदनशील आहे म्हणून नाही, तर हिशोब लागेना म्हणून. पोरगी तीन वर्षं माझ्या वर्गात, पहिल्या बाकावर. मला तिचं अक्षर ओळखू येत होतं. तिच्या गावची एसटी किती वाजता येते ते माहीत होतं. तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि ती आजीजवळ राहते हे माहीत होतं. पण तिचं म्हणणं काय आहे, कुठल्याच गोष्टीवर, हे मला माहीत नव्हतं, कारण तिनं लिहिलेलं एक पान मी कधी वाचलंच नव्हतं. होम असाइनमेंटला मी तिला वीसपैकी अठरा दिलेले. ऐंशी वह्या एका रात्रीत, पान उलटायचं, टिक करायची, सही. आत काय होतं? गाईड होतं. सगळ्यांच्या वहीत तेच गाईड, फक्त शाई वेगळी. आणि मी तेच बरोबर म्हणून शिकवलेलं, "हे चार मुद्दे लिहा, मार्क मिळतात." मिळतात पण! परीक्षेत मिळतात. म्हणूनच मला वाटतं सीयूईटीसारखी एमसीक्यू परीक्षा आमच्या पोरांना उलट जमते, कोणी लिहिलं, कोणत्या साली, कुठली चळवळ, पाठांतरात आम्ही कोणाला हार जाणार नाही. अडतं ते जिथं "तुझं सांग" म्हणतात तिथं. एसओपी (मला हे का शिकायचंय याचं निवेदन), रायटिंग सॅम्पल (स्वतः लिहिलेला निबंध), रिसर्च प्रपोजल, इंटरव्ह्यू, नाव काहीही असो, सगळीकडं एकच प्रश्न विचारलेला असतो आणि तो प्रश्न पंधरा-सोळा वर्षाच्या शाळा-कॉलेजात आमच्या पोरांना कोणीच विचारलेला नसतो.

मग मी तिला बोलावलं. तिनं तोपर्यंत पुढच्या अर्जासाठी एसओपी लिहिला होता, पहिलं वाक्य इंग्लिश ही जागतिक भाषा आहे, दुसरं वाक्य लहानपणापासून मला साहित्याची आवड आहे. (हल्ली चॅटजीपीटी पण हेच लिहून देतं, फक्त व्याकरण चांगलं. त्यामुळं आता कमिटीवाल्यांकडं ही आवड ट्रकनं येत असणार.) मी म्हणलं हे ठेव बाजूला, मला सांग, सिलॅबसमधलं काय वाचताना तू थांबलीस? लई वेळ गप्प. मग म्हणली, "सर, हसणार नाहीत ना? ते सीझ्युरा."

सीझ्युरा म्हणजे कवितेच्या ओळीच्या मधी येणारा विराम, आमच्याकडं तो दोन मार्काची टीप म्हणून येतो, व्याख्या पाठ, उदाहरण पाठ, झालं. तिचं म्हणणं असं होतं की तिची आजी जात्यावर ओव्या म्हणते, गिरणी आली तरी सणावाराला थोडं जात्यावर दळते, आणि म्हणताना एका ठराविक ठिकाणी थांबते. लहानपणी हिला वाटायचं आजीला दम लागतो. पण नंतर लक्षात आलं की आजी दर वेळी तिथंच थांबते कारण तेव्हा तिचा एक हात खुंट्यावरून सुटून सुपाकडं जातो, मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात घालायची असते, जातं त्या क्षणी जरा हलकं फिरतं, आणि मूठ रिकामी झाली की पुढचा शब्द येतो. "सर, पुस्तकातला विराम श्वासासाठी असतो म्हणले तुम्ही, पण आजीचा विराम ज्वारीसाठी आहे. मग आजीच्या ओवीचं मीटर कोणी ठरवलं, आजीनं का जात्यानं?"

संपादक साहेब, मी बारा वर्षं ती दोन मार्काची टीप शिकवतोय. असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मलाही पडला नव्हता. आणि ही पोरगी बरोबर आहे का चूक ते मला आजपण माहीत नाही, पण रायटिंग सॅम्पल म्हणतात ते हेच असतं एवढं मात्र कळलं.

मी तिला म्हणलं आधी मराठीत लिही. ही एक गोष्ट मी अनुभवानं सांगतो, कोणाला पटो न पटो. इंग्लिशच्या अर्जाला मराठीत कच्चं लिहायचं म्हणलं की बरेच प्राध्यापक नाक मुरडतात, इंग्रजीतच विचार करा म्हणतात. पण पोरं इंग्रजीत विचार करायला लागली की विचार सोडून इंग्रजीच करत बसतात, प्रत्येक वाक्यात मोअरओव्हर आणि फर्दरमोअर. तिनं मराठीत चार पानं लिहिली, मी वाचली, लाल पेननं नाही, पेन्सिलनं, समासात फक्त प्रश्न लिहिले. कुठं, कशावरून, हे आजीनं सांगितलं का तू बघितलंस. मग तिनं परत लिहिलं. पुण्याच्या काही संशोधकांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या जात्यावरच्या लाखभर ओव्या आहेत, त्यातल्या कितीतरी नेटवर आवाजासकट ऐकायला मिळतात, मराठवाड्यातल्या बायांच्यासुद्धा, त्या ती ऐकत बसली आणि दुसऱ्या बाया पण तसंच थांबतात का ते मोजायला लागली. सहा महिन्यांत चार पानांची अकरा झाली. गंगाखेडच्या जनाबाईच्या जिल्ह्यात राहून मला ओवीकडं बघायला माझ्याच एका विद्यार्थिनीनं शिकवावं लागलं, आता बोला.

२०२३ ला ती सीयूईटी देऊन, वेगळं रजिस्ट्रेशन वेळेत करून, हैदराबादच्या एका केंद्रीय विद्यापीठात एमएला गेली. तिथं पहिल्या सेमिस्टरला आपटली बरं का, ते पण सांगितलं पाहिजे. टर्म पेपर लिहायचे असतात, आणि गाईडची सवय एका एसओपीनं जात नाही, कुठून दोन पॅरेग्राफ जसेच्या तसे उचलले आणि ते सॉफ्टवेअरमधी सापडले. प्रबंधाला तर यूजीसीचे २०१८ चे नियमच आहेत, दहा टक्क्यांपर्यंत सारखेपणा चालतो, पुढं कारवाई. तिच्या मॅडमनी समज देऊन परत लिहायला लावलं म्हणून निभावलं. फोनवर रडत होती, "सर, मला ते चोरी आहे हे माहितीच नव्हतं." तिला सांगायचं काम कोणाचं होतं? माझंच की.

आता ती पीएचडीला अमेरिकेतल्या चार विद्यापीठांत अर्ज करायलीय. यातली एक गोष्ट आपल्याकडं जवळपास कोणालाच माहिती नाही आणि ऐकली तर खोटी वाटते, ती म्हणजे तिकडं इंग्लिशच्या एमएला बहुतेक ठिकाणी पदरचे पैसे घालावे लागतात आणि पीएचडीला बहुतेक चांगल्या ठिकाणी उलट ते पैसे देतात, फी माफ आणि दर महिन्याला स्टायपेंड, बदल्यात पोरांना शिकवायचं, पाच-सहा वर्षं. म्हणजे ऊसतोड कामगाराच्या पोरीला एमए परवडत नाही पण पीएचडी परवडते! अर्थात जागा थोड्या, एका विभागात वर्षाला पाच-दहा, आणि त्यापण आता आटत चालल्यात. बॉस्टन युनिव्हर्सिटीनं २०२५-२६ साठी इंग्लिश धरून बारा-एक विषयांत पीएचडीचे नवीन प्रवेशच थांबवले होते. त्यामुळं सगळी अंडी त्या एका टोपलीत ठेवा असं मी मुळीच म्हणणार नाही. तिला पण सांगितलंय, नेटचा अभ्यास सोडू नको, दोन पेपर मिळून १५० प्रश्न, निगेटिव्ह नाही, जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) लागलं तर महिन्याला ३७ हजार, शिवाय आता पीएचडी प्रवेशाला पण नेटचा स्कोअर धरतात. ते हातचं असू दे.

खर्चाचं बोलायचं तर एका अर्जाची फी ७५ ते १०० डॉलरच्या आसपास, म्हणजे सहा-नऊ हजार, त्यात आयईएल्ट्स नाहीतर टोफेल ही इंग्रजीची परीक्षा पंधरा हजाराच्या वर, आणि तो स्कोअर दोनच वर्षं चालतो. फी माफी बऱ्याच ठिकाणी असते पण मागावी लागते, ईमेल करून, शेवटच्या तारखेच्या महिनाभर आधी. तिनं चार ठिकाणी मागितली, दोन ठिकाणी मिळाली. जीआरईची साहित्याची वेगळी परीक्षा असायची ती २०२१ ला बंदच झाली, तरी कोचिंगवाले त्याची पुस्तकं विकतात म्हणे, घेऊ नका. आणि मार्कशीटवरचं नाव. आपल्या बोर्डाचं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, पासपोर्टवर वेगळा क्रम, या एका गोष्टीवर तिनं किती ॲफिडेव्हिट केलेत ते विचारू नका.

स्कॉलरशिपचं एक मात्र लिहायलाच पाहिजे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, वर्षाला ७५ जागा. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, त्यात १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना, ६ भटक्या-विमुक्तांना, आणि भूमिहीन शेतमजूर नि पारंपरिक कारागीर मिळून ४. अख्ख्या देशात चार. बरं त्या चारात हिचा नंबर लागला असता असं धरू, तर २०२२ पासून त्याच योजनेत नियम आलाय की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास, भारतावरचा सामाजिक अभ्यास असले विषय घेऊन बाहेर गेलात तर पैसे नाहीत. म्हणजे शेक्सपियरवर काम करायला गेली तर चालेल, आजीच्या जात्यावर करायला गेली तर नाही. आपण भाषणात १९१३ सांगतो, बाबासाहेब कोलंबियाला गेले, सयाजीरावांनी महिन्याला साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षं. तिथं जाऊन त्यांनी जातीवरच निबंध वाचला होता, १९१६ ला. आजच्या नियमात तो विषय बसला असता का, हे एकदा कोणीतरी मंत्र्यांना विचारा, मी तासिका तत्त्वावर आहे, मला विचारता येत नाही.

आता आज रात्रीचं. यावेळी तिला तीन शिफारसपत्रं लागतात, दोन हैदराबादच्या दोन मॅडमची आणि एक माझं, तिनंच हट्ट धरला की बीएच्या सरांचं पाहिजे. तिकडं पत्र विद्यार्थ्याच्या हातात द्यायची पद्धतच नाही, विद्यापीठ थेट आपल्याला लिंक पाठवतं आणि विद्यार्थी आधीच लिहून देतो की मी हे पत्र कधी बघणार नाही. म्हणजे "तूच लिहून आण" संपलं. लिंक आली तर माझ्या स्पॅममधी पडलेली. कॉलेजचा ईमेल पाहिजे म्हणतात, तासिकावाल्याला कॉलेज ईमेल देत नाही, ऑफिसचा एकच आहे आणि त्याचा पासवर्ड क्लार्कच्या डायरीत. माझा स्वतःचा जीमेल बीएडला असताना काढलेला, त्यात रॉकिंग हा शब्द आहे. तो बघून अमेरिकेतला प्राध्यापक काय म्हणेल या विचारानं दोन दिवस घातले, शेवटी प्राचार्यांना हात जोडून नवीन मेल काढून घेतला. मग आत गेलो तर फॉर्म विचारतो, हा विद्यार्थी तुम्ही शिकवलेल्यांत वरच्या एक टक्क्यात, पाच टक्क्यात का दहात? मी बारा वर्षांचे चेहरे आठवत बसलो. एक टक्क्यावर टिक केली. खाली पत्र. पहिला पॅरेग्राफ मी असा सुरू केलाय की मी या विद्यार्थिनीला तीन वर्षं शिकवलं आणि त्या तिन्ही वर्षांत तिचं काही वाचलं नाही, ही माझी चूक. असं लिहायचं असतं का नसतं माहीत नाही. पुढं ज्वारीचं लिहिलंय.

डेडलाइन १५ डिसेंबर रात्री ११.५९, पण ती त्यांची, अमेरिकेच्या पूर्वेकडची रात्र. आपल्याकडं १६ ला सकाळी १०.२९. हे पण एक पोरांना सांगा, आपल्या रात्री बाराला सगळं संपलं म्हणून रडत बसायचं नाही, अजून साडेदहा तास असतात. मी मात्र सकाळवर ठेवणार नाही, आठला आमच्याकडं लाइट जाते, शेतीच्या पाळीचं काहीतरी आहे.

तुमच्याकडं मागणं एवढंच. पुरवणीत वर्षातून दोनदा, नोव्हेंबरला आणि मेमधी, अर्धं पान इंग्लिशच्या, मराठीच्या, इतिहासाच्या पोरांना द्या, जाहिरात नाही मिळणार त्याला, माहितीये. आणि आमच्या तासिकावाल्या नि परमनंट दोन्ही भावंडांना तुमच्या पेपरातून एक विनंती, वर्षाला प्रत्येक पोराचं एक पान वाचा, एकच, गाईडचं नसलेलं, आणि समासात एक प्रश्न लिहा. ऐंशी पोरं असली तरी ऐंशीच पानं होतात, मी यंदा केलं, तीन रविवार गेले. त्यात बावन्न जणांनी गाईडच लिहून दिलं हे पण सांगून टाकतो. बाकीच्यांत एकानं बापाच्या हार्वेस्टरच्या आवाजावर लिहिलंय, ते मी अजून दोनदा वाचणार आहे.

पत्र मोठं झालंय, तुम्हाला कापावं लागणार. माझं रडगाणं कापा, ईमेलचं कापा, प्राचार्यांचं तर कापाच. पण एनटीच्या ड्रॉपडाउनचं आणि सीयूईटीनंतरच्या वेगळ्या रजिस्ट्रेशनचं तेवढं राहू द्या, फॉर्म आता निघतीलच.

आपला,
तासिका तत्त्वावरचा एक इंग्रजीचा मास्तर
जि. परभणी